पोथी, पुस्तक आणि काचेची पाटी

वाचनाचे वेड असलेल्या घरांतून अलीकडे एक नवा वाद ऐकू येतो. आजोबांच्या हाती छापील कादंबरी असते, नातवाच्या हाती किंडल असते आणि दोघेही आपापल्या कथेत रमलेले असतात. आजोबा म्हणतात, 'कागदाचा वास नाही, पान उलटल्याचा आवाज नाही, हे कसले वाचन?' नातू म्हणतो, 'आजोबा, तुमचे अख्खे कपाट माझ्या पिशवीत मावते.' वाद हसण्यावारी जातो, परंतु त्यातला प्रश्न शिल्लक राहतो. ज्याला वाचल्यावाचून करमत नाही, अशा माणसाने आपले ग्रंथधन कोठे ठेवावे? कागदावर की काचेवर?

या प्रश्नाकडे आम्हाला इतिहासाच्या वाटेने जावेसे वाटते. ग्रंथाने आपले वस्त्र याआधीही बदलले आहे, आणि प्रत्येक वेळी जुन्याच्या बाजूने व नव्याच्या बाजूने बोलणारे विद्वान पुढे आले आहेत. त्यांपैकी कोण खरे ठरले, कोण खोटे ठरले आणि कोणाच्या ध्यानात नेमके काय आले नाही, हे पाहिले तर आजचा वाद थोडा सोपा होईल. ई-रीडर या यंत्राला आम्ही येथे पाटी म्हटले आहे, ते थट्टेने नव्हे. आकाराने ते पाटीसारखे आहे. आणि पाटीवरचे पुसता येते, हा पाटीचा जुना गुणही त्याच्या अंगी आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

गुंडाळी आणि वही

प्राचीन ग्रीक व रोमन जगात ग्रंथ म्हणजे गुंडाळी. पपायरस या पाणवनस्पतीपासून केलेले ताव एकाला एक चिकटवून लांबच लांब पट्टी तयार करीत. ती दोन्ही हातांनी उलगडीत वाचावयाची आणि वाचून झाल्यावर पुन्हा गुंडाळावयाची. मागचा एखादा संदर्भ पाहावयाचा तर सारी पट्टी उलटी फिरवणे आले. शिवाय एका गुंडाळीत मावणारा मजकूर बेताचाच. संत लूकच्या शुभवर्तमानाला एक गुंडाळी लागे; चारही शुभवर्तमाने एका गुंडाळीत आणणे अशक्यच होते.

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये एक दुसरा प्रकार डोके वर काढताना दिसतो. पाने दुमडून एका कडेला शिवलेली वही तोवर हिशेबासाठी आणि टिपणांसाठी वापरली जात असे. मार्शल या लॅटिन कवीने आपल्या वाचकांना सुचविले की प्रवासात सोबत न्यावयाचे असेल तर एका हातात मावणारे चर्मपत्राचे छोटे पुस्तक घ्यावे. वाचकहो, किंडलची जाहिरात करणारा आज जे सांगतो, तेच हा कवी एकोणीसशे वर्षांपूर्वी सांगत होता!

प्रतिष्ठित रोमन वाचकांना हा प्रकार लगेच रुचला नाही. दुसऱ्या शतकातील जे ग्रीक वाङ्मय आज सापडते, ते बहुतांशी गुंडाळ्यांवर आहे. ख्रिस्ती लोकांनी मात्र आपल्या पवित्र ग्रंथांसाठी फार लवकर वही स्वीकारली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात संत योहानच्या शुभवर्तमानाचा एक तळहाताएवढा तुकडा आहे. अभ्यासक तो साधारणपणे दुसऱ्या शतकातील मानतात. त्याच्या दोन्ही बाजूंवर मजकूर आहे, म्हणजे तो गुंडाळीचा नसून वहीच्या पानाचा तुकडा आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात तिसऱ्या शतकातील एका वहीची पाने आहेत. त्या एकाच वहीत चारही शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये लिहिलेली होती. गुंडाळीला जे साधले नसते, ते हिशेबाच्या वहीने साधले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुढील दोन-तीन शतकांत वहीने गुंडाळीची जागा घेतली, तेव्हा ज्या ग्रंथांची नक्कल गुंडाळीतून वहीत झाली, ते टिकले. ज्यांची झाली नाही, त्यांतील बहुतेक कायमचे लोपले. ग्रंथाचे भवितव्य पपायरसच्या बळकटीपेक्षा नक्कल करणाऱ्या हातांवर अधिक अवलंबून राहिले.

मठाधिपतींची तक्रार

दुसरे स्थित्यंतर आपल्या परिचयाचे आहे. जर्मनीतील माइन्त्स शहरी योहान गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास सुटे खिळे जुळवून बायबल छापले. त्याच्या सुमारे १८० प्रती निघाल्या. काही चर्मपत्रावर, बहुसंख्य कागदावर. त्यांतील पूर्ण आणि अपूर्ण मिळून ४९ प्रती आज अस्तित्वात आहेत.

यानंतर चाळीस वर्षांच्या आतच स्पॉनहाइम येथील बेनेडिक्टाइन मठाचे अधिपती योहानेस त्रिथेमिउस यांनी लेखनिकांची थोरवी गाणारा एक लॅटिन ग्रंथ लिहिला. साल होते १४९२. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चर्मपत्रावर हाताने लिहिलेले सहस्र वर्षे टिकेल, पण कागदावर छापलेले फार तर दोनशे वर्षे टिकेल. मठवासीयांनी लेखणी खाली ठेवू नये. कारण लिहिता लिहिता मजकूर मनात उतरतो, आणि लिहिणाऱ्याचा वेळ प्रार्थनेसारखा सार्थकी लागतो.

गंमत अशी की हा ग्रंथ १४९४ साली माइन्त्समध्ये छापला गेला. मठाधिपती काही नव्याचे वैरी नव्हते. त्यांनी आपल्या मठाच्या ग्रंथालयात भर घालता घालता ते सुमारे दोन हजार ग्रंथांपर्यंत नेले, आणि त्यात छापील पुस्तकेही होती. कागदाच्या आयुष्याचा त्यांचा हिशेब चुकला. गुटेनबर्गच्या कागदी प्रती साडेपाचशे वर्षांनंतरही सुस्थितीत आहेत. पण त्यांचे दुसरे म्हणणे आम्हाला आजही खोटे वाटत नाही. हाताने उतरवून घेतलेला उतारा मनात जसा रुजतो, तसा नुसता नजरेखालून गेलेला रुजत नाही. शाळेत सुविचारांची वही ठेवलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे.

आपल्या मुंबईतही असाच एक अंक झाला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा अनेक सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावण्यास कचरत असत. छपाईच्या शाईत चरबी असते, ही त्यांची शंका. त्यावर उपाय म्हणून तुपात केलेली शाई वापरून पोथ्या छापल्या गेल्या! शिवाय त्या छापील पोथ्यांचा आकारही हस्तलिखितासारखाच ठेवला: आडवी लांबट पाने, न शिवलेली, बासनात बांधावयाची. नवे साधन जुन्याचा वेश धारण करूनच घरात शिरते. आजच्या ई-रीडरवर पान उलटल्याचा जो भास केला जातो, तो त्याच जातीचा आहे. तुपाच्या शाईला हसण्यापूर्वी आपण एवढे आठवावे.

ख्रिस्तपुराणाची साक्ष

आता आपण आपल्या घराजवळच्या एका ग्रंथाकडे वळू. छपाईच्या बळावर किती विसंबावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला. तो निघाला होता अबिसीनियाला. परंतु जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात येशूसंघीयांनी तो चालविला. १५५७ साली तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे छापली गेली. त्या पुस्तकाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यात छापलेले जे सर्वांत जुने पुस्तक आज शिल्लक आहे, ते आर्चबिशप गास्पार द लेआंव यांचे १५६१ सालचे. आणि त्याची प्रत आहे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात.

फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले: दोन पुराणे, पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरी खिळ्यांची सोय नसल्यामुळे ते रायतूर येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. म्हणजे अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या! तरीही त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा ठावठिकाणा आज लागत नाही.

पुढचा काळ प्रतिकूल होता. गोव्यातील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावली, ती १८२१ साली सरकारी छापखाना सुरू होईपर्यंत. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी. अशा वेळी मराठी ग्रंथ पुन्हा कोण छापणार? छापखाना गेला, राजाश्रय गेला, छापील प्रतीही गेल्या.

तरी ख्रिस्तपुराण मेले नाही. ते लोकांनी हाताने उतरवून घेतले. गोव्यात आणि मंगळूरकडे ख्रिस्ती कुटुंबांतून त्याच्या हस्तलिखित प्रती राहिल्या, वाचल्या गेल्या, गायिल्या गेल्या. त्याच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य विद्यालयातील मार्सडेन संग्रहात तर देवनागरी लिपीतील हस्तलिखित मिळाले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली, १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आली आणि २०१२ साली फादर नेल्सन फाल्काव यांनी इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ सिद्ध केला.

याच फादर स्टीफन्स यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, रायतूरलाच छापले गेले. ते मात्र छापील रूपात वाचले, कारण त्याच्या प्रती युरोपात लिस्बन आणि रोमपर्यंत पोहोचल्या होत्या. एक ग्रंथ घराघरांतील नकलांनी तारला. दुसरा दूरच्या ग्रंथालयांनी तारला. दोन्हींचे मर्म एकच: ग्रंथ अनेकांच्या हाती होता, आणि ज्याच्या हाती होता त्याला तो ठेवण्याची, उतरवण्याची आणि पुढे देण्याची मोकळीक होती. हस्तलिखितांत चुका शिरतात हे खरे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ साचले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पण ताडून पाहण्यासाठी मुळात प्रती अनेक असाव्या लागतात.

पाटीचा जन्म

या पार्श्वभूमीवर आता नव्या पाटीकडे पाहू. तिची कथा ४ जुलै १९७१ रोजी सुरू होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने त्या दिवशी अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला आणि तो इतरांना मोफत उपलब्ध करून दिला. त्याने या उपक्रमाला नाव दिले ते त्या माइन्त्सच्या मुद्रकाचे: प्रोजेक्ट गुटेनबर्ग. २०११ साली हार्ट निवर्तला, त्या वेळी त्या संग्रहात हजारो पुस्तके होती. त्यांना कुलूप नव्हते. कोणीही उतरवून घ्यावीत, कोणालाही द्यावीत.

परंतु संगणकाच्या झगमगत्या पडद्यावर कादंबरी वाचणे डोळ्यांना जड जाई. १९९७ साली स्थापन झालेल्या ई-इंक या कंपनीने त्यावर तोड काढली. या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण परस्परविरुद्ध विद्युत्भाराचे असतात. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर तसेच राहण्यासाठी वीज लागत नाही; पान बदलताना तेवढी लागते. पडदा स्वतः प्रकाशत नाही. कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परतवून तो वाचता येतो. म्हणून एकदा विद्युत्भारित केलेली ही पाटी अनेक दिवस चालते आणि उन्हातही स्पष्ट दिसते. मंद उजेडासाठी पुढे तिच्यात छोटे दिवेही बसविले गेले.

२००४ साली सोनी कंपनीने जपानमध्ये असे एक यंत्र विक्रीस आणले. त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनंतर आपोआप नाहीसे होई. ग्राहकांना ते मानवले नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल आणले. त्याची किंमत ३९९ डॉलर होती आणि त्यात सुमारे २०० पुस्तके मावत. पहिला साठा काही तासांतच संपला. भारतात किंडलचे दालन ऑगस्ट २०१२ मध्ये उघडले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके किंडलवर आणली.

या पाटीचे गुण मोकळ्या मनाने मान्य करावयास हवेत. कुटुंबांना भेटी देताना आम्हाला अशी वृद्ध मंडळी भेटतात, ज्यांचे वाचन मोतीबिंदूने नव्हे तर बारीक टाइपाने थांबविले. पाटीवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. इटलीत चष्म्याचा शोध लागला, त्याचे कौतुक जॉर्दानो दा पिझा या डोमिनिकन धर्मगुरूने १३०६ साली फ्लॉरेन्समधील प्रवचनात केले होते. उतारवयात ग्रंथ पुन्हा उघडा करणारे साधन ही किती मोठी देणगी आहे, हे त्याने ओळखले होते. आज त्याने या पाटीचेही कौतुक केले असते. आखातात किंवा समुद्रावर नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना सामानाचे वजन मोजून न्यावे लागते. त्यांच्यासाठी तर ही पाटी म्हणजे खिशातले वाचनालय आहे.

आकलनाचे काय? स्पेन व इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या घाईत वाचताना, कागदावर अधिक चांगला समजतो. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. नॉर्वेतील आने मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ५० वाचकांना एक गूढकथा दिली. निम्म्यांना किंडलवर, निम्म्यांना छापील. कथेचे आकलन बहुतेक बाबतींत सारखेच होते. परंतु कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे छापील पुस्तक वाचणाऱ्यांना अधिक नेमके सांगता आले. उजव्या हातातील पानांची जाडी कमी होत जाते आणि डाव्या हातातील वाढते. कथेचा तो नकाशा बोटांनाच कळत असावा, असे हे संशोधक सुचवितात. एकंदरीत, कादंबरीच्या वेड्याला पाटीने फारसे तोट्यात घातलेले नाही. अभ्यास करणाऱ्याने मात्र कागद जवळ ठेवावा.

जुलै २००९

मग वाद संपला काय? आमच्या मते खरा वाद येथून सुरू होतो. जुलै २००९ या एकाच महिन्यात घडलेल्या दोन घटना आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली घटना सुखाची. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरिनच्या मठात चौथ्या शतकातील बायबलचे एक अनमोल हस्तलिखित होते, त्यास 'कोडेक्स सिनायटिकस' म्हणतात. १८४४ नंतर त्याची पाने चार ठिकाणी विखुरली. ३४७ पाने लंडनला, ४३ लाइपझिगला, काही तुकडे सेंट पीटर्सबर्गला, आणि १९७५ साली मठातच नव्याने सापडलेली काही पाने सिनायला. ही पाने पुन्हा एका बांधणीत येणे जवळजवळ अशक्य. पण चारही संस्थांनी छायाचित्रे काढून त्या जुलैमध्ये सारी उपलब्ध पाने इंटरनेटवर एकत्र आणली. जे पान पाहावयास पूर्वी विद्वानालाही परवानगी काढावी लागे, ते आज गावातील शाळकरी मूलही पाहू शकते. काचेने येथे कागदाला न जमणारे काम केले.

दुसरी घटना वेगळी. त्याच महिन्यात अमेरिकेतील काही किंडलधारकांनी पाटी उघडली, तेव्हा त्यांनी पैसे मोजून घेतलेले एक पुस्तक नाहीसे झालेले होते. ज्या प्रकाशकाने ते विकावयास ठेवले होते, त्याच्याकडे तेथील प्रकाशनहक्क नव्हते. हे लक्षात येताच अ‍ॅमेझॉनने दुरूनच त्या पाट्या पुसल्या आणि पैसे परत केले. पुस्तक कोणते? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी! सत्तेला नकोसे झालेले जुने छापील उल्लेख बदलून टाकणे हाच ज्या कादंबरीच्या नायकाचा व्यवसाय आहे, नेमकी तीच. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणेही त्यामुळे निरुपयोगी झाली. त्याने दावा लावला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली आणि तडजोडीत कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांच्या पाट्या, काही अपवाद वगळता, अशा रीतीने न पुसण्याचे मान्य केले.

हा अपवादात्मक प्रसंग म्हणून सोडून देता आला असता. परंतु २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथून घेतलेली सारी पुस्तके त्या जुलैत वाचता येईनाशी झाली. पैसे परत मिळाले. ज्यांनी टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर मिळाले. छापील पुस्तकांचा दुकानदार दुकान बंद करताना तुमच्या घरी येऊन कपाट रिकामे करून, मोबदला टेबलावर ठेवून गेला, अशी कल्पना करून पाहावी! फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलेले ई-पुस्तक संगणकावर उतरवून स्वतःच्या हाताने पाटीवर नेण्याची जुनी सोय काढून घेतली. त्याच वर्षीच्या आरंभापासून कॅलिफोर्नियात एक कायदा लागू झाला. जेथे ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो, तेथे तसे स्पष्ट सांगितल्यावाचून विक्रेत्याने 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असे तो सांगतो. शब्दाचा अर्थ कायद्याने सांगावा लागला, यातच सारे आले.

छापील पुस्तक आपण विकत घेतो, तेव्हा ती प्रत आपली होते. ती शेजाऱ्याला द्यावी, रद्दीत घालावी, लेकीच्या सासरी पाठवावी, मृत्युपत्रात लिहावी. कुलूपबंद ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण बहुधा भाडेकरू असतो. ख्रिस्तपुराणाचा वाचक गरीब असेल, पण तो आपल्या प्रतीचा धनी होता. त्याच्या प्रती दुरून पुसता येत असत्या, तर १६८४ च्या फर्मानाला काय काय करता आले असते, याचा विचार करताना अंगावर काटा येतो.

येथे न्यायही करावयास हवा. हा दोष काचेचा नाही, कुलपाचा आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या पुस्तकांना कुलूप नाही. टॉर या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने २०१२ साली आपल्या ई-पुस्तकांची कुलपे काढून टाकली. आपल्या मराठीतही ई-साहित्य प्रतिष्ठान वाचकांना मोफत ई-पुस्तके देते आणि विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेले मराठी ग्रंथ वाचावयास मिळतात. अशी पुस्तके उतरवून ठेवता येतात, मित्राला देता येतात. ती पोथीच्या नकलेचीच आधुनिक भावंडे आहेत.

कागदाचेही पाय मातीचे

कागदाची भलावण करताना त्याच्या दुबळेपणाकडे डोळेझाक होऊ नये. गुटेनबर्गचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा होता, म्हणून टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि पन्नास-शंभर वर्षांत हाताच्या स्पर्शाने मोडतो. आपल्याकडे तर कोकणपट्टीचा पावसाळा, वाळवी आणि कसर हे तीन पाहुणे न बोलावता येतात. माणसाचा क्रोध हा चौथा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमावाने हल्ला करून ग्रंथांची नासधूस केली, ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. एकाच ठिकाणी एकच प्रत असलेला ग्रंथ, तो कागदावर असो वा काचेवर, सदैव मृत्यूच्या दारात उभा असतो.

म्हणून आमचे मत असे. प्रवासासाठी, दुखऱ्या डोळ्यांसाठी, एकदा वाचून हातावेगळ्या करावयाच्या पुस्तकांसाठी पाटी खुशाल घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. परंतु ज्या ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते, जो मुलांच्या हाती जावा असे वाटते, तो कागदावर घ्यावा. पहिल्या पानावर आपले नाव आणि साल लिहावे. ई-पुस्तक घेताना ते आपल्याला उतरवून ठेवता येते की नाही, हे आधी पाहावे, आणि जेथे कुलूप नसेल त्या प्रकाशकाला पसंती द्यावी.

आणखी एक काम आहे, ते मात्र उद्यावर टाकण्याजोगे नाही. आपल्या जुन्या घरांच्या पेट्यांतून आजही काय काय सापडते! लग्नातील गाण्यांच्या हस्तलिखित वह्या, प्रायश्चित्तकाळात म्हटल्या जाणाऱ्या गीतांचे कागद, धर्मग्रामाच्या उत्सवांचे स्मरणिका-अंक, बंद पडलेल्या मासिकांचे फाटके गठ्ठे. यांतील कित्येकांची ती एकच प्रत असेल. घर नव्याने बांधावयास काढले की हे सारे प्रथम रद्दीत जाते. ते उघडून एकेका पानाचे छायाचित्र चांगल्या उजेडात काढावे. त्या छायाचित्रांच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात आणि एक धर्मग्रामाच्या वाचनालयास द्यावी. मूळ वही सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. हे काम आजोबांच्या आठवणीचे आहे आणि नातवाच्या मोबाइलचे आहे. कोणते गाणे कोणी रचले, ते कधी म्हणत, हे आजोबांनी सांगावे आणि नातवाने वहीच्या त्या पानाच्या छायाचित्राखाली लिहून घ्यावे. दोघांचा वाद एवढ्यापुरता बाजूला राहिला तरी पुष्कळ झाले.

ख्रिस्तपुराण ज्यांनी हाताने उतरवून घेतले, त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्यापाशी छापखाना नव्हता आणि सत्ता त्यांच्या भाषेच्या विरोधात होती. त्यांनी एवढेच केले की आपल्या हाती आलेला ग्रंथ पुढच्या हाती दिला. आपल्यापाशी कागदही आहे आणि काचही आहे. त्यांच्याइतके तरी आपल्या हातून व्हावे.